तिसऱ्या दिवशी एक लोटा

"आधी ते फाटकाजवळचे बांबू काढा, मग मी ओवाळते," असं म्हणून बेबीआत्यानं कणकेच्या एकसष्ट दिव्यांचं ताट सरळ टीव्हीवर ठेवून दिलं.

घ्या! नानांची एकसष्टी. नाना नवं धोतर नेसून पाटावर बसलेले, कपाळावर कुंकू, आणि त्यांची सख्खी धाकटी बहीण सकाळच्या बसनं देवासहून येऊन संप पुकारून मोकळी. एकतीस वर्षं मिलमध्ये काढलेल्या माणसाला संप नवा नव्हता, पण घरात तोही ओवाळणीच्या वेळी म्हणजे कमालच झाली.

"आत्याबाई, दिवे विझतील," चारुलता म्हणाली. ही नानांची सून, धाकट्या जयेशची बायको. फाटकाजवळचा हिरव्या रेघांचा पिवळा बांबू तिनं लावलेला, मागच्या परसातले बांबूचे चौदा ड्रमही तिचेच. या घरात बांबूबद्दल कुणाला काही बोलायचं असलं की तिलाच ऐकवायचे, आणि ती काही मुकाट ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

"विझू देत! माणसाला शेवटी कशावर बांधून नेतात, ठाऊक नाही का गं तुला? ते सामान दारात उभं करून ठेवायचं आणि वर एकसष्टी करायची? माझा भाऊ आहे तो."

"आमच्या लग्नात झाल झाली, तेव्हा माझ्या बाबांनी दिव्यांची परडी वरपक्षाच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवली होती. कशाची होती ती परडी?"

आत्या ताटातल्या वाती सारख्या करायला लागली.

"बांबूची होती ना? सासूबाई नव्हत्या म्हणून वरमाई तुम्ही होतात. पहिल्यांदा नीट टेकली नाही म्हणून रुसलात आणि दुसऱ्यांदा टेकवून घेतलीत. दोनदा बांबू डोक्यावर घेऊन खणखणीत आहात की आत्याबाई."

नाना एवढ्या मोठ्यानं हसले की कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलं. "बेबे, ओवाळ आता. हिच्या तोंडाला लागू नकोस, मी सांगतो तुला."

आत्यानं ओवाळलं. तोंडानं पुटपुटत, पण पूर्ण ओवाळलं. चारुलता आत जाऊन पुऱ्या लाटायला बसली. ती काल रात्री खांडव्याहून परतली होती. आईच्या ऑपरेशनसाठी गेली ती दोन महिने तिथेच अडकली होती. आल्या आल्या श्रीखंडाचा चक्का, पुरणाची डाळ, पाटाभोवतीची रांगोळी. परसाचं दार उघडून बघायलाही तिला फुरसत मिळाली नव्हती.

परसात त्या वेळी तिचा मोठा दीर टेप लावून उभा होता.

"अठरा बाय बावीस," धनेश म्हणाला. "बराबर बसतात दोन खोल्या. कॉलेजची पोरं ठेवायची. परदेशीपुऱ्यात खोली मिळत नाही म्हणून रडतात पोरं."

जयेशनं टेपचं दुसरं टोक धरलं होतं. राजवाड्याजवळच्या कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना हो म्हणून म्हणून त्याची मान हलायची सवयच झाली होती, आणि महिन्याभरापूर्वी दादानं विचारलं तेव्हाही ती अशीच हलली होती. "दादा, मी हो म्हटलंय ना यार. पण आज नको काढू विषय. ती कालच आलीये."

"आजच काढायचा. नाना समोर आहेत, आत्या आहे. हे बघ, केवढं जंगल झालंय! पत्र्याच्या बाहेर आलेत शेंडे. हिचा शौक आणि आपली जागा."

धनेशला दुष्ट ठरवू नका बरं का. मिलला कुलूप लागलं त्याच महिन्यात त्याची विजय नगरातल्या कंपनीतली नोकरी पक्की झाली, आणि तेव्हापासून सात वर्षं या घरातला गहू-तांदूळ त्याच्या पगारातून आला. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. कुणी कधी विचारलंही नाही, आणि हेच त्याला आत कुठेतरी बोचत होतं. वडिलांच्या घरात आपल्या शब्दाला काही किंमत आहे का, एवढंच त्याला आज बघायचं होतं.

पंगत बसली. धनेशनं पहिली पुरी मोडली आणि विषयही काढला. दोन खोल्या, बाथरूम वेगळं, जयेशचाही होकार आहे. सगळं एका दमात.

चारुलताच्या हातातलं श्रीखंडाचं भांडं तसंच राहिलं. तिनं आधी जयेशकडे पाहिलं. जयेश पानातल्या कोशिंबिरीकडे बघत होता.

"तुझा होकार आहे?"

"मतलब... दादा म्हणाला..."

"बरं." तिनं भांडं खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज पक्का होता. "भाऊजी, दोन वाजता यशोधन येतायत. विजय नगरात ती नवी काचेची इमारत होतीये ना, तिथली बागेची सगळी कामं त्यांच्याकडे आहेत. माझे चौदाच्या चौदा ड्रम बघायला येतायत. फोटो बघून पसंत केलेत, दिवाळीच्या आधी उचलणार. ते बघून गेले की पुढचे चौदा मी आजच लावणार. चौदा ड्रम गेले तर परस माझं, पुन्हा कुणी टेप घेऊन यायचं नाही."

"आणि नाही गेले तर?"

"नाही गेले तर बांधा तुमच्या खोल्या."

"सगळ्यांनी ऐकलंत," धनेश म्हणाला.

नाना मात्र या सगळ्यात मजेत होते. खाली मान घालून ते गालातल्या गालात हसत श्रीखंड खात होते. दोन महिने त्यांनी एक गोष्ट पोटात ठेवली होती आणि आता अर्ध्या तासात ती चारूला दिसणार होती. चौदा काय, अठ्ठावीस मागून घेईल तो माणूस, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी आणखी एक पुरी मागितली.

त्या ड्रमांची गोष्ट अशी. मिलचं सामान भंगारात निघालं तेव्हा कापसाचे मऊ पेळू वाहून न्यायचे कमरेएवढे उंच ड्रमही निघाले. नानांनी एकतीस वर्षं ते ढकलले होते. भंगारवाल्याच्या दारात ते आडवे पडलेले चारुलतानं पाहिले, उचलून आणले, बुडाला भोकं पाडली आणि पोटवाला बांबू लावला. गिऱ्हाईक त्याला बुद्धा बांबू म्हणतं, घरात सगळे गणपती म्हणायचे. दोन गाठींमधली कांडी आखूड राहते आणि मडक्यासारखी फुगते, तीच त्याची शोभा. पण ती शोभा फुकट मिळत नाही. मुळांना जागा कमी हवी, खत अजिबात नको, पावसाळ्यातही ड्रम पत्र्याखाली कोरडे ठेवायचे. भरपूर खायला-प्यायला मिळालं की हा बांबू पोट विसरतो आणि साध्या वेळूसारखा सरळसोट वाढतो. खांडव्याला जाताना तिनं नानांना बजावलं होतं, कॅलेंडरच्या पाठीवर लिहूनही दिलं होतं. तिसऱ्या दिवशी एक लोटा. बाकी काही नाही.

यशोधन दोनच्या आधीच आला. तिशीतला पोरगा, मोटारसायकलवरून उतरला तोच "नाना, हॅपी बर्थडे!" करत पाया पडला. त्याला घेऊन चारुलता परसाकडे निघाली. मागोमाग नाना, धनेश, जयेश. आत्याही आलीच, हात धुवायचे ठेवून.

दार उघडलं आणि चारुलता उंबऱ्यावरच थांबली.

पत्र्याखाली हिरवागार अंधार झाला होता. ड्रमाड्रमातून पाच-पाच, सहा-सहा नवे बांबू उठले होते, अंगठ्याहून जाड, पत्र्याला डोकं लागून बाहेर वाकलेले. पानं तळहाताएवढी रुंद. आणि प्रत्येक कांडी लांब, गुळगुळीत, सरळ. पोटवाल्या जुन्या दोन-दोन काठ्या त्या गर्दीत कुठे दडल्या होत्या, शोधाव्या लागत होत्या.

"वाह! क्या हरियाली है," यशोधन म्हणाला. मग त्यानं एक बांबू वाकवून पाहिला, दुसरा पाहिला. "वहिनी, पण फोटोतले कुठेयत?"

"हेच ते," नाना पुढे होऊन म्हणाले. त्यांचं तोंड नुसतं फुललं होतं. "दोन महिन्यांत बघा केवढे झाले!"

चारुलतानं ते ऐकलंच नाही. तिनं ड्रममध्ये बोट खुपसलं. माती काळी, ओली, आणि तिला शेंगदाण्याच्या खळीचा, म्हणजे पेंडीचा, वास येत होता. ती वळली ती थेट जयेशवर.

"तू केलंस हे. खोल्या बांधायच्या म्हणून माझी झाडं बिघडवलीस! तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून मागून पाणी ओतलंस!"

"अगं नाही! आईशप्पथ नाही. खोल्यांना हो म्हटलं मी, पण याला हात नाही लावला."

"मग कोणी? भाऊजींनी?"

"मला काय माहीत कुठला बांबू कसा वाढतो," धनेश म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"चारू, मी घातलं पाणी," नाना म्हणाले. हसू अजून चेहऱ्यावरून पुरतं गेलं नव्हतं. "रोज एकेक बादली. खळी घाण्यावरून आणली. का गं? चांगले नाही झाले?"

यशोधन मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत पत्र्याकडे बघत राहिला.

"मी तुम्हांला काय सांगितलं होतं?" चारुलता म्हणाली.

"तिसऱ्या दिवशी एक लोटा."

"मग?"

नाना ड्रमच्या कडेवरून हात फिरवत राहिले. "पहाटेची जाग काही जात नाही. पहिल्या पाळीची सवय. उठायचं आणि करायचं काय? म्हणून इथे यायचो. माती बघितली तर भेगा पडलेल्या. पानं वळलेली. पहिले आठ दिवस तुझा लोटाच घातला, खोटं नाही सांगत. मग नाही राहवलं. मिल बंद पडली तेव्हा या गल्लीत काय काय बघितलंय मी. माझ्या हातानं कुणाला उपाशी ठेवणं होईना गं मला."

बेबीआत्यानं पदर डोळ्यांना लावला. जयेशनंही मान वळवली. आता चारुलता विरघळेल आणि म्हणेल की जाऊ द्या नाना, असंच सगळ्यांना वाटलं.

"नाना, तुम्ही माझं वर्ष घालवलंत," ती म्हणाली.

एकसष्टीच्या दिवशी सासऱ्याला असं बोलतात का? ती बोलली, आणि पुढेही बोलली. "चार वर्षं मी यांना असं वाढवलंय. हे उपाशी नाहीत, यांना असंच जगवतात. तुम्हांला दया आली, पण विचारावंसं नाही वाटलं. खांडव्याला एक फोन करता आला असता. बाईची बाग म्हणजे खेळ, तिनं लिहिलेलं वाचलं काय, नाही वाचलं काय! मला तुमचा राग आलाय नाना. खूप राग आलाय."

नानांना या वयात असं कुणी सुनावलं नव्हतं. मिलमध्ये साहेब ओरडायचा तेव्हा ते उभे राहायचे, तसेच आत्ता ते हात बाजूला सोडून ताठ उभे राहिले. आणि आश्चर्य असं की त्यांना अपमान वाटला नाही. आपल्या कामाबद्दल आपल्याला कुणीतरी जाब विचारतंय, हे सात वर्षांत पहिल्यांदाच होत होतं.

"चूक झाली," ते म्हणाले.

यशोधननं हळूच घसा खाकरला. "वहिनी, जुन्या काठ्या छान आहेत, पण एका ड्रमात दोनच. पावसाळ्यात तसेच आणखी येऊन ड्रम भरेल, असं धरलं होतं मी. साहेब म्हणतील, हे काय उचलून आणलं? सॉरी हं. यंदा मला बाहेरून मागवावे लागतील."

"मागवा," चारुलता म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी या."

"दाखवा मला पुढच्या वर्षी, नक्की बघू."

"मी दाखवायला येणार नाही. तुम्हीच विचारत याल."

यशोधनला हसू आलं. "हौ वहिनी, येईन." तो नमस्कार करून गेला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत सगळे तसेच उभे होते.

"चला," धनेशनं टेप खिशातून काढला. "शर्त तूच लावली होतीस, चारुलता."

"लावली होती. परत घेते."

"असं कसं परत घेते? सगळ्यांसमोर बोललीस."

"मग सगळ्यांसमोरच परत घेते! परस सोडणार नाही मी. काय करायचं ते करा."

"नाना, ऐकताय ना?"

"ऐकतोय," नाना म्हणाले. "शर्त तिची, मोडली मी. माझी चूक तिच्याकडून कशी वसूल करतोस? खोल्या होणार नाहीत, धनेश."

"झालं! म्हणजे सात वर्षं मी हे घर ओढलं, आणि माझ्या बोलण्याला इथे एवढीही किंमत नाही?" धनेशचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला होता, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

नाना त्याच्याजवळ गेले. "ओढलंस. तू नसतास तर आम्ही जेवलो नसतो. हे मी तुला फार आधी सांगायला हवं होतं, लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. आज सगळ्यांसमोर सांगतो. पण बेटा, म्हणून हिचं परस काढून तुला देऊ का? ते मी नाही देणार."

टेप त्याच्या हातातच राहिला.

"आणि मी म्हणते," बेबीआत्या मध्येच बोलली, "दिवसभर घरात सून एकटीच बाईमाणूस, आणि परसात कॉलेजची पोरं आणून ठेवणार? गाणी लावतील, टॉवेलवर फिरतील. त्यापेक्षा बांबू परवडले."

"आत्या, सकाळी तर तू..."

"सकाळी मी फाटकाजवळच्यांबद्दल बोलले होते. ते काढाच. हे राहू देत."

चारुलता तोवर आत जाऊन बारीक दातांची करवत घेऊन आली होती. तिनं पदर खोचला, पहिल्या ड्रमापाशी उकिडवी बसली, आणि सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरव्या बांबूच्या बुडाशी करवत लावली.

"आली ना अक्कल?" धनेश म्हणाला. पण त्यात आता जोर नव्हता.

"जागा रिकामी करत नाहीये भाऊजी. सरळ आलेले सगळे बुडातून काढतेय. पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब येतील ते पोटवालेच येतील. माती बदलेन, मुळं छाटेन, पण आणेन. पुढच्या एकसष्ट वर्षांत कधीही टेप घेऊन या, हे इथेच दिसतील."

बांबू कापताना वरून कुणी धरला नाही तर तो शेवटी चिरत जातो. तो डुगडुगायला लागला तसा जयेश पुढे झाला आणि त्यानं दोन्ही हातांनी तो धरला.

"तुला कोणी बोलावलं?" ती मान वर न करता म्हणाली.

"कुणी नाही."

"तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे."

"बोल."

"घट्ट धर. हलवू नकोस."

पहिला बांबू पडला, मग दुसरा. पत्र्याखाली हळूहळू उजेड यायला लागला. "अगं बाई, एवढे देखणे झाले होते!" आत्या हळहळत होती. नाना एका बाजूला उभे राहून बघत होते. आपण वाढवलेला एकेक बांबू खाली येत होता, पण ते तिथून हलले नाहीत.

पाचव्या बांबूनंतर चारुलतानं घाम पुसला. "आणखी एक. आजपासून परसाच्या दाराला कुलूप राहील आणि किल्ली माझ्याकडे. नाना, तुम्ही आत यायचं नाही."

"चारुलता!" धनेश ओरडला. "त्यांच्याच घरात त्यांना कुलूप?"

"हो, त्यांनाच."

नानांनी दाराच्या कडीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "मिललाही कुलूप लागलं होतं. तेव्हा आम्ही घोषणा दिल्या, आणि घोषणा संपल्यावर घरी येऊन बसलो. या वेळी मी घरी बसणार नाही. तू कुलूप खुशाल लाव, पण मला आत घे. सांगशील तेवढंच करीन, विचारल्याशिवाय एका पानालाही हात लावणार नाही. मला पाळी लाव."

"नाना, काय बोलताय तुम्ही?" धनेश म्हणाला. "एकसष्ट वर्षांचे झालात. आता सुनेच्या हाताखाली काम करणार?"

"सात वर्षं कुणाच्याच हाताखाली नव्हतो. ते काय फार बरं होतं?"

चारुलता उठून उभी राहिली. तिनं सासऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. राग अजून होता, तिनं तो लपवलाही नाही.

"सकाळी सात ते अकरा," ती म्हणाली. "पाणी मी घालणार. तुमच्याकडे करवत आणि माती. एकदा जरी न विचारता लोटा उचललात तर पाळी बंद."

"कबूल. पण सात नको, पावणेसात. पहिल्या पाळीला आम्ही पावणेसातलाच फाटकाशी असायचो."

"दार सातलाच उघडेल."

"मग बाहेर उभा राहीन," नाना म्हणाले.